टॉवेलचा दांडा, साबणदाणी आणि पेटंट

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या वर्कशॉपमध्ये टॉवेलच्या दांड्याला साबणदाणी जोडली की लगेच पेटंटचा विचार येतो. पण दांडा दांड्याचं काम करतो, साबणदाणी साबणदाणीचं. आपापलं काम वेगवेगळं करणाऱ्या माहीत असलेल्या वस्तूंची नुसती जुळणी १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) नुसार शोध ठरत नाही.

आता न्हाणीघराच्या जाळीखालचा गंधरोधक, म्हणजे पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा भाग घ्या. त्यातलं पाणी आटलं की वास येतो. त्यावर उपाय म्हणून झडप बसवणं जुनंच आहे. पण झडपेच्या आकारामुळे केस अडकणं थांबत असेल, आणि त्या धंद्यातल्या कुशल कारागिराला ते सहज सुचलं नसतं, तर दाव्यात दम आहे. तुमची आणि जुनी झडप एकाच पाण्यावर, तेवढ्याच केसांनिशी चालवून आकडे टिपा. परीक्षकापुढे ‘चांगली चालते’ हे पुरत नाही.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचं पेटंट याच कसोटीवर रद्द ठरवलं: वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा जास्त काही हवं. भांड्यांच्या धंद्यातल्यांनी हा निकाल वाचायलाच हवा.

अर्जाआधी तशी वस्तू आधीच आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोधून बघा. जुने कॅटलॉग आणि नाशिकच्या भद्रकाली भागातली दुकानंही बघा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी विक्री, मग अर्ज. तिथे नावीन्यच जातं. घाई असेल तर तात्पुरता तपशील (शोधाचं सुरुवातीचं वर्णन) भरा, पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात.

नवेपणा फक्त दिसण्यात असेल तर डिझाइन नोंदणी करा: १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात.