मेलेला पॉयरो परत कसा आला?

"पण अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह पॉयरो तर 'कर्टन' कादंबरीत मेला ना?" त्याच्यावरचं नवं पुस्तक बघून आलेला प्रश्न. रास्तच आहे.

'कर्टन' १९७५ चं. लेखिका सोफी हॅनाने २०१४ मध्ये 'द मोनोग्राम मर्डर्स' लिहिताना त्याला पुन्हा जिवंत केलंच नाही, कथाच १९२९ मध्ये नेली. ख्रिस्तीच्या १९२८ आणि १९३२ च्या पॉयरो-कादंबऱ्यांमधली फट तिने बरोबर हेरली.

खरी हुशारी निवेदकात. पॉयरोचा जुना मित्र आणि निवेदक हेस्टिंग्ज याला बाजूला ठेवून स्कॉटलंड यार्डचा कॅचपूल आणला. आता भाषा ख्रिस्तीसारखी वाटली नाही, तर दोष कॅचपूलचा!

पॉयरोच्या मिशा, मेंदूतल्या 'करड्या पेशी' कुणालाही उचलता येतात. ख्रिस्तीच्या रहस्याचा धागा मात्र चहा ओततानाच्या एखाद्या साध्या वाक्यात लपलेला असतो. नक्कल करणारा नेमका तिथेच जोर देतो आणि वाचक सावध होतो.

तुम्ही हेस्टिंग्ज ठेवला असता का?