काय काम काढलंस?

आज दुपारी एका वर्गमित्राचा पाच वर्षांनी फोन आला आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "बोल, काय काम काढलंस?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काम काही नाही रे, विद्यापीठात जयकर ग्रंथालयासमोरून चाललो होतो, आठवण झाली."

एम.ए. संपताना केलेल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे नाव अजूनही 'पुणे विद्यापीठ, 2013' असेच आहे. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, तरी ते बदलण्याचे कुणालाच सुचले नाही. तिथे वाढदिवसांचे केक मात्र नेमाने पडतात, आणि त्यालाच मी (निदान मी तरी) संपर्क समजत आलो.

फोन ठेवल्यावर लक्षात आले की, तो सध्या कुठे असतो हेही मी विचारले नव्हते. आता मी फोन केला, तर तोही 'काय काम' असेच विचारेल का?