कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया आणि समुद्राची वीज

परवा पिंपळगावला मेव्हण्याच्या कोल्ड स्टोरेजवर गेलो होतो, द्राक्षांचा सीझन जोरात, क्रेटच्या थप्प्या लागलेल्या आणि नेमकी लाइट गेली. जनरेटर धडधडला तसं मेव्हण्याचं तोंड कडू, डिझेलचा हिशोब त्याच्या डोक्यात सतत चालूच असतो. मी आपला मशीन रूममध्ये पाइपवर जमलेला पांढरा बर्फ नखाने खरवडत उभा, तर ऑपरेटर ओरडला, "दादा, हात नका लावू, आत अमोनिया आहे, उणे ३३ डिग्रीलाच उकळतो तो!"

आणि एकदम ट्यूब पेटली. समुद्राच्या उष्णतेवर वीज करतात ती हीच मशीन की, फक्त उलटी चालवलेली! इथे आपण वीज घालून थंडावा काढतो, तिथे गरम आणि गार पाण्यातल्या फरकातून वीज काढतात. आपल्याकडच्या समुद्रात वरचं पाणी २७-२८ डिग्री असतं, हजार मीटर खाली दहाच्याही आत. वरच्या कोमट पाण्याने दाबाखालचा अमोनिया उकळवायचा, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग खालचं गार पाणी ओढून वाफेचा परत अमोनिया करायचा, की पुन्हा पहिल्यापासून. ना कोळसा ना राख (आमच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आठवल्या), आणि सोलरसारखं सूर्य मावळला की दुकान बंद असंही नाही, समुद्र काय रात्रीत गार होत नाही.

हां, फरक वीसेक डिग्रीचाच, त्यामुळे उष्णतेतले तीनेक टक्केच हाती लागतात, त्यातही पंप आपला वाटा खातात. पण इंधन फुकट ना! खरी गंमत बेटांवर आहे. लक्षद्वीपला वीज म्हणजे मुख्यतः डिझेल, तेही बोटीने आणायचं. तिथे कवरत्तीला २००५ पासून याच फरकावर समुद्राचं गोडं पाणी करतात, रोज १ लाख लिटरचा प्लांट, कोमट पाणी व्हॅक्यूममध्ये उकळवायचं आणि खालच्या गार पाण्याने वाफ धरायची. पंपांना वीज मात्र बाहेरूनच लागते, तीसुद्धा समुद्रातूनच निघाली तर काय पाहिजे!

मेव्हण्याला हे सगळं सांगितलं तर म्हणे, "मग आपल्या मुंबईला का नाही करत?" अरे बाबा, मुंबईसमोर समुद्र उथळ, तेवढी खोली गाठायला तीनेकशे किलोमीटर आत जावं लागेल, लक्षद्वीपला ती किनाऱ्याजवळच मिळते. तो म्हणाला, "म्हणजे आपलं डिझेलच," आणि कॅन घेऊन जनरेटरकडे गेला.