९८ टक्के रंग कुणी खाल्ला?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवताना मी फार डोकं चालवलं नाही. कोल्हापूर भागात उसाची चिपाडं मागाल तेवढी मिळतात आणि विभागाच्या कपाटात मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाची बाटली पडून होती. चिपाडाच्या भुकटीने पाण्यातला रंग शोषून काढायचा, झाला विषय! कापड रंगवणारी इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, पंचगंगेच्या पाण्याच्या बातम्या पेपरात नेहमीच्या, म्हणजे प्रस्तावनेचीही सोय झाली.

रसवंतीवाल्या काकांकडून दोन पोती चिपाडं आणली. म्हशीसाठी नेतेय असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. पहिल्या खेपेला नुसती खळबळून पोत्यात भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी लॅब उघडली तर आंबूस वास आणि पोत्यावर पांढरी बुरशी. सगळं फेकलं. दुसऱ्या खेपेला सरांनी बजावलं, “गरम पाण्यात पाच-सहा वेळा धू. साखर राहिली तर रंग कुठं गेला तेच कळायचं नाही.”

याचा अर्थ मला नंतर लागला. अल्कलीमध्ये ग्लुकोज असलं की ते मिथिलीन ब्ल्यूचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि रंग शोषला न जाताच नाहीसा होतो. बाटली हलवली की हवेतल्या ऑक्सिजनने परत निळा. साखर कारखान्याच्या लॅबमध्येही हाच रंग कामाला येतो. रसातली क्षपणकारी साखर मोजताना फेलिंगच्या द्रावणात, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात, त्याचे थेंब टाकतात आणि निळा गेला की रस सोडणारी ब्युरेटची नळी बंद करतात. म्हणजे ज्या उसाकडून मी रंग पकडून घेणार होते, त्याच्याच साखरेने तो घालवूनही दाखवला असता.

धुतलेली चिपाडं ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवली, आईच्या जुन्या मिक्सरमध्ये दळली आणि चाळली. ते भांडं परत स्वयंपाकघरात गेलं नाही.

मिथिलीन ब्ल्यू सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेत गालाच्या आतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन वर त्याचा थेंब टाकायचो. घरी ज्यांच्याकडे माशांची टाकी आहे, त्यांना तो बुरशीवरचं औषध म्हणून माहीत असेल. १८७६ साली जर्मनीत हाइनरिख कारो यांनी तो तयार केला, कापड रंगवण्यासाठी. पण तो पेशींना निवडून चिकटतो हे दिसल्यावर त्याचं नशीबच पालटलं. १८९१ मध्ये पाउल एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी मलेरियाच्या रुग्णांना चक्क हा रंग औषध म्हणून दिला. त्याच्या रेणूवर धनभार असतो, म्हणून ऋणभार दिसला की तो जाऊन बसतो. बोटांवर, काचेवर, ॲप्रनवर. लिंबू, साबण सगळं करून पाहिलं. माझी नखं पाच महिने निळी होती.

मोजायची पद्धत सोपी. द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर ६६४ नॅनोमीटरवर लावायचा, एक ते पाच पीपीएमची (लिटरमध्ये तेवढे मिलिग्रॅम रंग) द्रावणं करून सरळ रेष काढायची आणि नमुन्याचं रीडिंग त्या रेषेवर बसवायचं. नमुना भरायच्या क्युव्हेटलाही रंग चिकटतो, म्हणून दर वेळी अल्कोहोलने धुवायचा. हे एक आठवडा वाया गेल्यावर कळलं.

मग मुख्य प्रयोग. ५० पीपीएमचं ५० मिली द्रावण, त्यात ०.१ ग्रॅम भुकटी, दोन तास शेकरवर, नंतर फिल्टर पेपरने गाळून रीडिंग. पहिल्याच दिवशी ९८ टक्के रंग गेलेला! तीनदा केलं, तीनदा तेच. वेळ बदलून, भुकटी कमी-जास्त करून चाळीसेक रीडिंग घेतली. सगळी देखणी. वर्गात पेढे वाटायचेच राहिले होते.

सरांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “ब्लँक, म्हणजे तुलनेचा कोरा नमुना, कुठाय?”

“घेतलाय की सर, डिस्टिल्ड वॉटरचा.”

“तो नव्हे गं. चिपाड न घालता सगळं तसंच कर. सगळं म्हणजे गाळायचंसुद्धा.”

मला ते उगाच वाटलं. तरी १० पीपीएमचं साधं निळं द्रावण घेतलं आणि फनेलमध्ये ओतलं. खाली पडलेले पहिले काही थेंब जवळजवळ पाण्यासारखे होते. फनेलमध्ये पाहिलं तर कागद टोकापासून वरवर गर्द निळा होत चाललेला, शाई सांडल्यावर टीपकागद होतो तसा. बीकरमधलं द्रावण मोजलं तर १० चं ३ पीपीएम झालेलं. चिपाडाचा कणही नसताना!

फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज, वनस्पतींचा तंतुमय पदार्थ, आणि चिपाडातही मुख्यतः सेल्युलोजच. चिपाडाने न पकडलेला रंग जाता जाता कागद उचलत होता आणि श्रेय मी चिपाडाला देत होते. ती चाळीस रीडिंग लाल पेनाने आडवी कापली. शेजारच्या विभागात आठ नळ्यांचं सेंट्रिफ्यूज होतं. तिथल्या मामांची मर्जी सांभाळत रोज दुपारी तास-दीड तास ते वापरायला मिळायचं. गाळायचं नाही, फिरवून वरचं पाणी घ्यायचं. खरा आकडा निघाला ८२ टक्के, म्हणजे ग्रॅमला साडेवीस मिलिग्रॅम रंग. वाईट नाही. पीएच दोनवर, म्हणजे बऱ्याच आम्लात, तो बराच घसरायचा, कारण तिथे हायड्रोजन आयनांचीच जागेसाठी झुंबड. पुढे शोषणाचं लँगम्युअरचं समीकरण, आलेख, ते सगळं रीतसर झालं.

इथे थांबले असते तर डिग्री मिळत होती. पण माझा आतेभाऊ इचलकरंजीत नोकरीला, त्याच्या ओळखीने एका डाईंग मास्तरांकडून पाच लिटरचा कॅन भरून खरं रंगाचं पाणी आणलं. मरून रंगाचं आणि हाताला कोमट लागणारं. घातली भुकटी, दोन तास शेकर, सेंट्रिफ्यूज. रंग कमी झाला शंभरातला सहा-सात. मला वाटलं वजन चुकलं. परत केलं, तेच.

मास्तरांना फोन केला तर ते हसले. “अहो मॅडम, कापडावर बसायचा तो रंग बसला की. तुम्ही नेलाय तो न बसलेला.”

माझ्या चार पानांच्या चर्चेपेक्षा हे एक वाक्य भारी होतं. सुती कापडाला हल्ली बहुतेक रिॲक्टिव्ह रंग देतात. हे रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले, तिथल्या रॅटी आणि स्टीफन या रसायनशास्त्रज्ञांच्या शोधावरून. रंगाचा रेणू सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो, म्हणून तो धुण्यात जात नाही. मीठ घालून तो कापडाकडे ढकलायचा आणि सोडा घालून पक्का करायचा. पण काही रेणू कापडाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतात. ते मग कापडाच्या कामाचे राहत नाहीत आणि गटाराला लागतात. शिवाय हे रंग ऋणभारित आणि चिपाडाचा पृष्ठभागही ऋणभारित. एका सेल्युलोजवर जो रंग बसला नाही, तो पकडायला मी दुसरं सेल्युलोज घेऊन गेले होते. मिथिलीन ब्ल्यूवर असे शेकडो शोधनिबंध निघतात, कारण तो पटकन चिकटतो आणि आकडे छान येतात. सुती कापडाच्या डाईंगला मात्र तो कुणी वापरत नाही.

आम्लात चिपाडाचा भार बदलतो, म्हणून पीएच दोनवर आणून पाहिलं. ॲसिड घालताच पाण्यातला सोडा फसफसून बीकरबाहेर आला. बरंच ॲसिड खर्चून पंचवीस टक्क्यांच्या आसपास रंग निघाला. एवढं ॲसिड ओतून नदी वाचवायची म्हणजे कठीणच. हे सगळं शेवटच्या प्रकरणात जसंच्या तसं लिहिलं, निळा फिल्टर पेपरही वहीत चिकटवून ठेवला.

तोंडी परीक्षेनंतर टेबल आवरताना मामांनी कॅन उचलला. “मॅडम, हे ओतायचं कुठं?”

बेसिनमध्ये नको म्हटलं. आतेभावाच्या गाडीवरून तो परत डाईंगला पाठवला, तिथून पाणी प्रक्रिया केंद्राला तरी जातं. मामा मान डोलवत म्हणाले, “मग ते निळं पाणी? ते तर रोज तुम्ही इथंच ओतत होता की.”