तिघांपैकी दोघे सापडले: पाटीच्या कामाची गणपतीनंतरची नोंद

पहिल्या महायुद्धाच्या गावोगावच्या दगडी पाट्यांवर नुसते आकडे आहेत; त्यांमागची नावं शोधायचं आमचं काम पावसाळ्यात बंद. दगड शेवाळतो, अक्षरं दिसत नाहीत, आणि लाल चिखलात दुचाकी घालायची हौस आमच्यापैकी कुणाला उरलेली नाही. म्हणून जून ते ऑगस्ट घरी बसून याद्या चाळल्या आणि गणपतीत गाव गाठलं. चाकरमानी तेव्हाच भेटतात. एरवी गावात विचारलं की "दादांना ठाऊक, ते मुंबईला असतात" यापुढे गाडी सरकत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला, इंग्रजीत: या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही. खेड तालुक्यातल्या आमच्या पाटीवर १४ आणि ३ हे आकडे आहेत. दुसरं टोक इराकमध्ये. १९२९ साली उभारलेलं बसऱ्याचं स्मारक ४० हजारांहून अधिक मृतांचं आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक नुसते आकडे. या दुजाभावाबद्दल, युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे गावात आकडा, बसऱ्यातही आकडा. नावं राहिली ती कागदांत, आणि आमची सगळी खटपट ती तिथून काढून गावच्या पाटीपाशी आणायची.

कमिशनच्या यादीत शोधताना यंदा कळलेल्या दोन गोष्टी. आपल्या शिपायांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात पडलेलं असतं, त्यामुळे नुसतं 'कदम' टाकून हाती काही लागत नाही. आधी पलटण निवडा, मग पाळण्यातल्या नावाने शोधा, तेही चार-पाच स्पेलिंगं घालून. धोंडूचं शेवटचं अक्षर कधी एका यूने लिहिलंय, कधी दोन ओंनी. दुसरं, जिल्हे जुने धरा. रायगड तेव्हा कुलाबा होता आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग म्हणून शोधत मी दोन रविवार घालवले, हे इथे कबूल करून टाकतो.

आता चूक. मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने पहिला माणूस सापडल्याचं लिहिलं होतं, फोटोसकट. नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं यादीशी जुळत होतं. घरचे सांगत होते, "आमचे मोठे आजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." फोटोला हार होता. मग गणपतीत त्यांच्या माजघरातल्या पेटीतून बिल्ला निघाला आणि माझा चेहरा पडला. १९१४-१५ चा तारा, म्हणजे पहिल्या युद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक, चार टोकांचा असतो, त्यावर आडव्यातिडव्या दोन तलवारी आणि मधे साल. या ताऱ्याला टोकं सहा होती. म्हणजे दुसरं महायुद्ध. भर म्हणून घरच्यांनी सांगितलं, आजोबा 'पाचव्या मराठ्यात' होते. पण पाचवी मराठा लाइट इन्फंट्री १९२२ च्या फेररचनेत झाली. त्याआधी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या पलटणी. यादीप्रमाणे १९१६ साली मेलेला माणूस पाचव्या मराठ्यात कसा असेल?

उलगडा केला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींनी, मोदक वळता वळता. काका बसऱ्याला गेला, पुढे पुतण्या जन्मला, त्याला काकाचंच नाव ठेवलं. तोही फौजेत गेला, इटलीला लढला, परत येऊन बरीच वर्षं पेन्शन खाल्ली. फोटो पुतण्याचा. म्हणजे यादीतलं नाव बरोबर, भिंतीवरचा माणूस चुकीचा. मागची नोंद दुरुस्त केली आहे, फोटो काढला आहे. घरच्यांनी हार मात्र काढला नाही, "दोघंही आमचेच की" म्हणाले. हा नावाचा घोटाळा कोकणात सगळीकडे निघणार. घरच्या आठवणीशी नाव जुळलं म्हणून लगेच खूण करू नका, आधी पेटी उघडून बघायला सांगा. आणि बिल्ला चिंचेने घासून लख्ख करू देऊ नका! पहिल्या युद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, ती घासून घासून जाते. चांदीची पदकं तर बहुतेक घरांत सोनाराकडेच गेलेली.

दुसरा माणूस सरळ सापडला. ११० व्या पलटणीतला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. अन्न संपलं, घोड्या-खेचरांचं मांस वाटलं जाऊ लागलं, ते बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापायी नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. याच्या मृत्यूची तारीख त्यानंतरच्या उन्हाळ्यातली, म्हणजे हा कैदेत गेला. घरात एवढंच माहीत होतं की "तो उपाशी मेला." शंभर वर्षांत तपशील सगळा गळून पडला, आणि उरलं ते खरं निघालं.

तिसऱ्यासाठी दोन उमेदवार आहेत: नाव तेच, पलटणी वेगळ्या, एकाच्या नोंदीत गाव नाही. तलाठ्याकडच्या जुन्या कागदांत वारसाचा एक फेरफार मोडीत मिळालाय. लेखनिकाला घाई होती, त्यामुळे वडिलांचं नाव 'बाळू' की 'बाबू' यावर आमच्यात सरळ भांडण आहे. दोघा मोडीवाचकांनी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत, तिसऱ्यांकडे स्कॅन धाडलाय. परत आलेल्या ११ जणांना हात लावलेला नाही. त्यांच्यासाठी दिवाळीनंतर जाऊ, तोवर पाटीही सुकेल. अक्षरं वाचण्यासाठी तिरपा उजेड टाकायला मोठी बॅटरी लागेल, कुणाकडे असेल तर सांगा. खडू किंवा रंग भरून अक्षरं उठवायची नाहीत, हे दरवेळी सांगतो तसं यंदाही.