रायटरमध्ये मुद्रितशोधनासाठी वेगळा टूलबार

लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये स्वतः बनवलेला मुद्रितशोधनाचा टूलबार (बटणांची पट्टी) आता रोजच्या कामाला लावण्याजोगा झाला आहे. मूळच्या स्टँडर्ड टूलबारला हात लावलेला नाही. आपली बटणं वेगळ्या पट्टीवर ठेवली की बिघाड झाल्यास तेवढी पट्टी काढून टाकता येते, दुसऱ्या मशीनवरही नेता येते.

आधी व्ह्यू मेनूतल्या यूजर इंटरफेसमध्ये ‘स्टँडर्ड टूलबार’ निवडलेला आहे ना, ते बघा. ‘टॅब्ड’ चालू असेल तर नेहमीचे टूलबार दडवले जातात आणि माणूस उगाच कस्टमाइझमध्ये चूक शोधत बसतो.

मग टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स. टार्गेटशेजारच्या छोट्या मेनूतून ‘ॲड’ घ्या. नाव काहीही द्या, पण ‘सेव्ह इन’ मात्र नीट बघून भरा. तिथे लिबरऑफिस रायटर हवं. चालू फाइलचं नाव निवडलं गेलं तर टूलबार त्या एका ओडीटी (रायटरच्या स्वतःच्या प्रकारातल्या) फाइलपुरताच राहतो. दुसरी फाइल उघडली की तो दिसत नाही, आणि वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह केलेल्या प्रतीत तर जातच नाही.

डावीकडच्या शोधचौकटीत कमांडचं नाव टाइप करा आणि मधल्या बाणाने उजवीकडे सरकवा. पहिलं बटण ‘पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट’चं. मेलमधून आलेल्या लेखासोबत परके फॉन्ट आणि रंग चिकटून येतात, ते इथेच गळतात. त्याच्या शेजारी नॉन-ब्रेकिंग स्पेस: ‘रु. ५००’ किंवा ‘डॉ.’ आणि आडनाव ओळीच्या शेवटी तुटू नयेत म्हणून. तिसरं फॉरमॅटिंग मार्क्स, म्हणजे दुहेरी स्पेस आणि रिकामे परिच्छेद लगेच डोळ्यांत भरतात. मग इन्सर्टमधून एक सेपरेटर, आणि पुढे बदलांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅक चेंजेसची बटणं: रेकॉर्ड, ॲक्सेप्ट, रिजेक्ट.

ज्या कमांडला चिन्ह नसतं तिथे पट्टीवर पूर्ण नाव येतं आणि जागा भराभर संपते. मग उरलेली बटणं उजव्या टोकाच्या दुहेरी बाणाखाली जातात. मॉडिफायमधून चेंज आयकॉन करून चिन्ह द्या किंवा रीनेमने नाव आखूड करा. क्वचित लागणारं बटण काढण्याऐवजी त्याच्यासमोरची खूण काढली तरी पुरतं.

जागा पक्की झाली की पट्टीवर राइट-क्लिक करून ‘लॉक टूलबार पोझिशन’. माउसच्या धक्क्याने पट्टी पानावर तरंगत येण्याचा त्रास थांबतो.

बॅकअपसाठी प्रोफाइलच्या (लिबरऑफिस आपली सेटिंग जिथे ठेवतो त्या जागेच्या) यूजर फोल्डरमधून config, soffice.cfg, modules, swriter, toolbar असं आत जा. आपल्या पट्टीची एक्सएमएल फाइल तिथे सापडते. कॉपी करण्याआधी लिबरऑफिस पूर्ण बंद करा. सेफ मोडमधला (बिघाड दुरुस्तीसाठी लिबरऑफिस उघडण्याच्या पद्धतीतला) फॅक्टरी सेटिंगवर नेणारा पर्याय ही प्रत हातात असल्याशिवाय वापरू नका, कारण त्यात पट्टीबरोबर बाकीची सेटिंगही जातात.

पुढचं काम: ‘दर्‍या’ आणि ‘दऱ्या’ दिसायला सारखेच, पण आतले युनिकोड (संगणक अक्षरं साठवतो ते संकेतांक) वेगळे, त्यामुळे शोधताना एक सुटतो. दोन्ही रूपं एकसारखी करणारा मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहून त्याचं बटण याच पट्टीवर बसवायचं आहे.