डायलिसिस, फॉस्फरस आणि हृदयाची झडप

डायलिसिसवरच्या पेशंटच्या फाइलमध्ये सगळे आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) बघतात. फॉस्फरसच्या आकड्याकडे फारसं कोणी वळत नाही. ॲऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) कडक का होतोय, याचं बरंचसं उत्तर मात्र त्याच आकड्यात असतं.

किडनी फॉस्फरस बाहेर टाकेनाशी झाली की तो रक्तात साचतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्यांचा हार्मोन, पीटीएच, वाढवतात, त्यामुळे हाडांतूनही कॅल्शियम आणि फॉस्फरस सुटतात. मग झडपेतल्याच पेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे कॅल्शियम रचतात. एकदा बसलेलं हे कॅल्शियम विरघळवणारी गोळी आज नाही.

हिशेब मांडून बघा. रोज 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात गेला आणि त्यातला 600 शोषला गेला, तर आठवड्याला 4200. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 निघतो. आठवड्यातून तीनदा केलं तर 2400, आणि आपल्याकडे अनेकजण दोनदाच करतात तसं केलं तर 1600. उरलेल्याचा बंदोबस्त पथ्य आणि बाइंडरनेच (जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी गोळी) करायचा.

बाइंडर (सेव्हेलॅमर, कॅल्शियम ॲसिटेट) घासासोबतच घ्यायचा; उपाशीपोटी घेतलेली गोळी वाया गेली. सेव्हेलॅमर अख्खी गिळायची, लँथेनम (हाही बाइंडरच) मात्र चावून. तीन गोळ्या सकाळ-दुपार-रात्र सारख्या वाटण्यापेक्षा जड जेवणाला जास्त ठेवता येतात का, ते डॉक्टरांना विचारा. सकाळच्या तर्री-पोह्यातल्या चण्याचा फॉस्फरस कमी शोषला जातो. रात्रीच्या सावजी मटणाचा जास्त. मटण उकळून पाणी फेकलं तर थोडा उतरतो, पण सावजी रश्शाचं पाणी फेकायला कोण तयार होणार? काळ्या कोल्ड्रिंकमधलं फॉस्फोरिक ॲसिड तर जवळपास सगळंच शोषलं जातं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की हीच बाटली घात करते. कॅल्शियमवाल्या बाइंडरचा डोस वाढवत नेणंही बरं नाही. 667 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 169 मिलिग्रॅम निव्वळ कॅल्शियम असतं.

औषधाने झडप वाचवता येईल का? स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) आशा होती, ती फोल ठरली: 2008 च्या सीस चाचणीत (किडनी फेल नसलेल्या पेशंटांवर) झडपेचं आकुंचन थांबलं नाही. सिनाकॅल्सेट हे औषध पीटीएच उतरवतं. ॲडव्हान्स चाचणीत त्याने झडपेतल्या कॅल्शियमची वाढ मंदावलेली दिसली. पण 3883 डायलिसिस पेशंटांच्या इव्हॉल्व्ह चाचणीत (2012) मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना मुख्य विश्लेषणात ठळकपणे कमी झाल्या नाहीत. शिवाय मळमळ होते आणि कॅल्शियम घसरतं. डायलिसिसच्या वेळी शिरेतून द्यायच्या एसएनएफ472 या औषधाने कॅलिप्सो चाचणीत झडपेवरचं कॅल्शियम वाढणं बरंच रोखलं. मात्र त्याने माणसं जास्त जगतात, हे त्या चाचणीतून सिद्ध झालेलं नाही. उलट वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) कॅल्शियम रोखणारं एक प्रथिन निकामी करतं. ते चालू असेल तर खरंच लागतंय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या, मनाने बंद करू नका.

इको (हृदयाची सोनोग्राफी) डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करा. अंगात पाणी भरलेलं असताना आकडे फसवतात, आणि हातातला फिस्चुलाही (डायलिसिससाठी जोडलेली धमनी-शीर) झडपेतला प्रवाह वाढवतो. सरकारी मेडिकल कॉलेजात करा की खासगीत, रिपोर्टवर तीन आकडे हवेत: झडपेचं क्षेत्रफळ, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक), रक्ताचा वेग. क्षेत्रफळ 1 चौरस सेंटीमीटरच्या खाली, ग्रेडियंट 40 mmHg च्या वर किंवा वेग सेकंदाला 4 मीटरच्या वर गेला तर आजार गंभीर आहे. डायलिसिस चालू असताना वारंवार बीपी पडत असेल, तर दरवेळी ड्राय वेटला (जादा पाणी काढल्यावरचं ठरवलेलं वजन) दोष देऊ नका. आधी हा इको मागा.